‘दिसणे हे सरले’ आणि गॅरेजची भिंत

गोव्याच्या किनाऱ्यावर अध्यात्माला तोटा नाही. हणजुण्यापासून हरमलपर्यंत कुठल्याही कॅफेत शिरा. भिंतीवर तिसरा डोळा, पद्मासनातली सावली, खालून वर चढत गेलेली सात चक्रं, आणि रात्री अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला की पेटून उठणारे निऑन रंग. मी हे हसण्यावारी नेत नाही, कारण अशाच भिंती रंगवून मी घर चालवलंय. पाऊस उघडला की फोन सुरू होतात, सीझनच्या आत भिंत तयार हवी असते. अशाच एका मालकाला ‘नॉन-ड्युअल’, अद्वैताचं, चित्र हवं होतं. म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर म्हणाला, पीसफुल काहीतरी, निळ्यात. मी समुद्रात पडणारा थेंब काढून दिला. तो खूश झाला, निम्मे पैसे दिले. उरलेले निम्मे अद्वैतात विलीन झाले.

पैशांपेक्षा तो थेंबच जास्त दिवस डोक्यात राहिला. थेंब काढला, समुद्र काढला, म्हणजे दोन वस्तू झाल्या. समोर खुर्चीत बसून लिंबू सोडा पिणारा तिसरा. दोन नाहीतच, हे सांगायला मला तिघांची गरज पडली होती! ॐ काढा, वर्तुळ काढा, ज्योत काढा, अडचण तीच. चिन्ह एकीकडे, ज्याचं चिन्ह ते दुसरीकडे, आणि बघणारा आपला लांब उभा.

मी डिचोलीची. पप्पा पेंटर, म्हणजे अक्षरं लिहिणारे. खाणी जोरात होत्या तेव्हा मालवाहू ट्रकांच्या पाठी, कपाळं आणि दारं रंगवायचं काम त्यांच्याकडे रांगेने असायचं. ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’, ‘आईचा आशीर्वाद’, मालकाच्या पोरांची नावं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणांत गंजत उभे राहिले, त्यांच्यावर पप्पांची अक्षरं तशीच. पुढे फ्लेक्स आला. मी कला महाविद्यालयात शिकले, पण अक्षराचं वळण घरचंच. एका दमात ओढलेली शिरोरेघ, काना खाली उतरवताना हाताचा दाब कुठे सोडायचा, हे मला कुणी वर्गात शिकवलेलं नाही.

आणि आमच्याकडे भजन आहे. गोव्यातल्या गावांत भजन म्हणजे निव्वळ भक्ती नसते, ती गावाची संगीतशाळा असते. आमच्या देवळात बुवा दर खेपेला सोहिरोबानाथांचं एक पद घेतातच. सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकातले, नाथपंथी, पेडण्याच्या आंबिये घराण्यातले. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचं नाव आहे, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत असतं. ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’ तर शाळेतल्या पोरांनाही पाठ. पण त्या संध्याकाळी बुवांनी ‘दिसणे हे सरले’ धरलं आणि मी टाळ वाजवायची थांबले. दिसणंच सरलं म्हणजे माझा धंदा पहिल्याच चरणात बंद!

हे तीन शब्द रंगवायचे, असं तिथेच ठरलं. दिसणं सरलं, हे दिसेल अशा अक्षरांत लिहायचं. त्यातला विरोध मला आवडला. थेंबात तो नव्हता.

आता ग्राफिटीच, म्हणजे भिंतीवर स्प्रेने नावं-अक्षरं रंगवणंच, का? कारण तिच्या मुळाशी नाव आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एका पोराची बातमी छापली होती, जो शहरभर ‘टाकी १८३’ असं लिहीत सुटला होता. टाकी हे त्याचं घरगुती नाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा आकडा. निरोप्याचं काम करायचा, जाईल तिथे मार्करने नाव. पुढे गाड्यांचे अख्खे डबे रंगले, अक्षरं फुगली, एकमेकांत गुंतली, बाण फुटले, इतकी की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत. पण आतला मजकूर तोच. मी इथे होतो. आणि वेदान्त ज्याला नामरूप म्हणून बाजूला सारतो ते हेच. म्हणजे अहंकाराची इतकी उघडीनागडी कला दुसरी नाही, आणि म्हणूनच ती मला या कामाला योग्य वाटली. मुंबईच्या खेतवाडीत माळ्यावर बसून मराठीत बोलणारे, विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज येणाऱ्याला एवढंच धरून बसायला सांगत: ‘मी आहे’. अमुक आहे, तमुक आहे, इथला आहे हे सगळं वगळून नुसतं ‘आहे’. भिंतीवरच्या पोराचं वाक्य तिथून फार लांब नाही. त्यातलं ‘इथे’ गळलं आणि ‘होतो’ गळलं की झालं. ते गाळायचं कसं, हा प्रश्न रंगकामाचा होता आणि तो मला सोडवता येण्यासारखा होता.

आधी वहीत लिहिलं. पानंच्या पानं ‘दिसणे हे सरले’. देवनागरीत ग्राफिटी करताना पहिला अडथळा शिरोरेघेचा येतो. रोमन अक्षरं सुटी असतात, वाटेल तशी वाकवून एकमेकांवर चढवता येतात. आपली अक्षरं दोरीला लटकलेली. दोरी काढली तर ‘स’ आणि ‘र’ बिनबापाचे होतात, ठेवली तर सगळं पाटीसारखं दिसतं. मग मला वाटलं, शब्दांबरोबर लोकांची नावंही लिहावी आणि सगळ्या नावांना एकच शिरोरेघ द्यावी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नावं वेगळी पण वरची रेघ एक. दोन बोर्डांवर करून पाहिलं. दिसायला झकास. पण ते थेंब-समुद्राचंच भावंड होतं, समजावून सांगणारं. ओळखीच्यांनी ‘वा, काय कल्पना’ म्हटलं तेव्हाच मी ती सोडली. कल्पना कळली की लोक चित्र बघायचं थांबवतात.

मग हाताकडे वळले. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्प्रेचा डबा मोटारीला टचअप करायला बनवलेला असतो. दाब जास्त, फवारा पसरट. डबा हलवायचा, आतली गोळी मोकळी खडखडायला लागेपर्यंत आणि त्यानंतरही मिनिटभर. वीतभर अंतर. हात थांबला की ओघळ. बाहेरून मागवलेल्या डब्यांना वेगवेगळ्या टोप्या बसतात, बारीक रेघेच्या, जाड रेघेच्या. ते महाग पडतात, म्हणून मी शेवटच्या थरालाच वापरते. काम झालं की डबा उलटा धरून नुसता वायू सोडायचा, नाहीतर तोंड बुजतं. मास्क मात्र कापडी चालत नाही, गाळणी असलेलाच लागतो. ही गोष्ट पप्पांच्या पिढीने कधी केली नाही आणि त्यांची छाती आता ते सांगते.

स्प्रेत आणि ब्रशात मोठा फरक म्हणजे स्प्रे टेकत नाही. ब्रश पृष्ठभागाशी झटापट करतो. इथे हात हवेतच फिरतो आणि रेघ तिकडे उमटते. फोंड्याजवळ कवळ्याला गौडपादाचार्यांच्या नावाचा मठ आहे, सारस्वतांचा. लहानपणी शांतादुर्गेच्या दर्शनाला गेलं की तिथेही जायचो, गौडपाद कोण हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. मांडूक्य उपनिषदावरच्या त्यांच्या कारिकांचं चौथं प्रकरण ‘अलातशान्ती’. अलात म्हणजे जळतं कोलीत. ते फिरवलं की अंधारात वर्तुळ दिसतं, सरळ ओढलं तर रेघ दिसते. वर्तुळ कोलितात नव्हतं, बाहेरून आलं नाही, आणि हात थांबला तेव्हा कुठे निघूनही गेलं नाही. मी हे वाचलं ते डब्यांची पिशवी शेजारी ठेवून, आणि वाचता वाचता उजवा हात आपोआप फिरला. अक्षर म्हणजे थांबलेल्या हाताचं दिसणं. त्यानंतर मी अक्षर काढायचं सोडून फिरवणं काढायला लागले. वळणं मोठी झाली, खांद्यातून यायला लागली, आणि ‘सरले’मधला ‘ल’ तर पुरा भोवरा झाला.

पप्पांनी बोर्ड पाहिले. चष्मा पुसला, परत पाहिले. “हे वाचणार कोण?”

“वाचायचं नाहीच ते, पप्पा.”

“मग लिहिलंस कशाला? नुसते पट्टे ओढायचे.”

या प्रश्नाचं उत्तर मला अजून पुरतं देता येत नाही. पण नुसते पट्टे ओढून पाहिले होते, त्यात जीव नव्हता. अर्थाने भरलेलं अक्षर अर्थ सोडतानाच काहीतरी घडतं. मुळात अर्थच नसेल तर सोडणार काय? न्यूयॉर्कचा बास्किया आधी भिंतींवर लिहायचा, मग कॅनव्हासवर आला. तो शब्द लिहून त्यावर काट मारायचा, आणि काट मारली की लोक तो शब्द जास्त निरखून बघतात, असं त्याचं म्हणणं. उपनिषदातल्या ‘नेति नेति’लाही आधी काहीतरी समोर मांडावं लागतंच, त्याशिवाय ‘हे नव्हे’ कशाला म्हणणार?

म्हणून थर. आधी प्लायवर पांढरा प्रायमर, त्यावर काळ्यात तीन शब्द, मोठे, वाचता येतील असे, पप्पांच्या वळणाचे. त्यावर माझं नाव. त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं. भाची, शेजारची पोरं, वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, ज्याने लाजत आपलं नाव मोडीसारखं वेलांटत लिहिलं. मग रोलरने करडा रंग फिरवून अर्धं झाकायचं. परदेशात पालिकेची माणसं ग्राफिटीवर असाच करडा फिरवतात. तो रंग सारखा बसत नाही, खालचं भूत वर दिसत राहतं. त्यावर परत तेच तीन शब्द. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: खाली एनॅमल असेल आणि वर पाण्याचा रंग लावायचा असेल तर आधी पॉलिश पेपर मारायचा, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो.

आणि शेवटी खरवडायचं. हे मी कावीकडून घेतलं. गोव्यातल्या काही जुन्या देवळांत कावीची चित्रं अजून आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो खरवडून खालचा पांढरा मोकळा करायचा. पांढऱ्या फुलाची पाकळी कुणी रंगवलेली नसते. ती आधीपासून तिथे असते, तांबडं काढलं एवढंच. मी लांबी भरायची पट्टी घेते. एनॅमलवर साय धरली पण आत ओलं आहे, ती वेळ नेमकी पकडावी लागते. पट्टी तिरपी धरून ओढली की वरचा थर चुणी पडून गोळा होतो, त्याच्या कडेला करडा, त्याखाली कुणाच्या तरी नावाचा निळा, त्याखाली माझा काळा, आणि मध्ये कोरा पांढरा, बोटभर रुंद. तो पांढरा सगळ्यांत उजळ दिसतो आणि सगळ्यांत आधीचा असतो. ते बघताना मला पहिल्यांदा वाटलं की आता चित्र काही सांगत नाहीये, करतंय.

इथे एक मोह झाला. मग सगळंच का खरवडू नये? दिसणे सरले ना? द्यायचा पांढरा बोर्ड टांगून. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांचा मायना लिहावा की धाकट्याचा, हे ठरेना म्हणून कोरं. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून चांगदेव कोरा तो कोराच राहिला. आणि उत्तरादाखल आल्या पासष्ट ओव्या. कोऱ्याला कोऱ्याने उत्तर दिलं नाही. त्यातली ओळ मी बोर्डाच्या मागे खडूने लिहून ठेवली: ‘प्रगटे तंव तंव न दिसे । लपे तंव तंव आभासे ।’ थरांचं काम करणाऱ्याला यापेक्षा नेमकी सूचना कुणी दिलेली नाही.

गावातल्या एका निवृत्त मराठी शिक्षकांकडे आम्ही काही जण ‘अमृतानुभव’ वाचायला बसतो. सातवं प्रकरण, अज्ञानखंडन, सगळ्यांत लांब आणि भांडखोर. ज्ञानेश्वर तिथे अज्ञान नावाच्या वस्तूलाच उभं राहू देत नाहीत. जग हा दोरीवरचा साप नाही की दिवा लावला आणि गेला. ते चैतन्याचंच स्फुरणं आहे, चिद्विलास आहे. माझ्यासारखीला याचा अर्थ फार व्यवहारी. जग खोटं असेल तर रंग म्हणजे घाण, पुसत बसा. विलास असेल तर ओघळसुद्धा त्यातच. मी सगळं खरवडायचा नाद सोडला. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “तुझ्या सोयीचं तेवढं घेतलंस गो.” असेल. माझ्या कामाला तेवढं पुरलं.

बोर्डांवरून भिंतीवर यायचं होतं. परवानगीशिवाय भिंत रंगवणं म्हणजे विद्रूपीकरणाच्या कायद्यात सापडणं, शिवाय गावात तोंड दाखवायचं असतं. साखळीच्या रस्त्यावर मामाचं गॅरेज आहे, त्याची रस्त्याकडची भिंत मागितली. अर्धी नव्या प्लास्टरची, अर्धी उघड्या चिऱ्याची. नवं सिमेंट प्लास्टर निदान २८ दिवस सुकू द्यायचं, नाहीतर आतला क्षार रंग फोडतो, हे पप्पांनी तीनदा बजावलं. चिऱ्याने वेगळाच त्रास दिला. जांभा दगड सगळा भोकाभोकांचा. फवारा मारला की रंग आत शिरतो, रेघ तुटते, जवळून नुसते ठिपके. पण रस्त्यापलीकडून पाहिलं तर रेघ जुळते. मी तो भाग प्रायमर न मारता तसाच ठेवला.

मामा चहाचा ग्लास घेऊन समोर उभा. “बापूस इतकं सुरेख लिही. तू हे काय केलंस गो? देवाचं काढलंस तर वाचण्यासारखं तरी काढ.” पण पंक्चर काढायला थांबलेले लोक बघायचे. एका म्हाताऱ्या बाईने ‘सरले’ बरोबर वाचलं, भजनातलं ना म्हणाली, आणि चरण गुणगुणत बसमध्ये चढली. जाणकार समीक्षक असेच भेटतात.

मग एका सकाळी भिंतीच्या बरोबर मध्ये, माझ्या भोवऱ्याच्या ‘ल’वर, स्टेन्सिलने छापलेलं: ‘सेप्टिक टँक साफ करून मिळेल’, खाली मोबाइल नंबर. लाल रंगात, स्वच्छ, ठळक, वाचता येण्यासारखं. माझं डोकं फिरलं. ग्राफिटीवाल्यांतही दुसऱ्याच्या कामावर लिहिणं म्हणजे सरळ भांडण. नंबर फिरवला, चार शब्द सुनवायला. तिकडून अदबीने विचारणा झाली, “टाकी किती फुटांची, ताई?” मला हसू फुटलं. नंतर कळवते म्हणून फोन ठेवला. ‘अमृतानुभव’ वाचणाऱ्या बाईचं अद्वैत एका टाकीपाशी येऊन थांबलं होतं. पण चित्रकार म्हणून बघितलं तर ती भिंतीवरची सगळ्यांत प्रामाणिक ओळ होती. मी वाचकाला काय देणार, हे मलाच सांगता येत नव्हतं. त्याला येत होतं. मी नंबरावर करडा फिरवला, शब्द ठेवले, आणि लाल रंगावरून काळा ‘ल’ परत एकदा फिरवला. भिंत आधीपेक्षा चांगली झाली, हे मी डोळ्याने सांगते, तत्त्वज्ञानाने नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि उरलेलं काम त्याने केलं. दमट हवेत लॅकरचा स्प्रे मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथे बसते आणि काळ्यावर दुधी झाक येते. एरवी हा दोष. मी शेवटचे फवारे मुद्दाम पावसाळी हवेत मारले. चिऱ्यावर शेवाळ चढलं, तेही ‘दिसणे’च्या कडेने, कारण तिथे ओघळांनी पाणी धरून ठेवलं होतं. घरी ठेवलेल्या बोर्डांवर पाठीमागून बुरशी आली. तिला मात्र मी विलास मानलं नाही, फिनेलने पुसून उन्हाची वाट पाहिली.

त्यातले तीन बोर्ड पणजीत एका सामूहिक प्रदर्शनात लागले. फॉर्ममध्ये ‘माध्यम’ असा रकाना होता. एनॅमल, इमल्शन, चुना, प्लायवूड लिहिलं. आयोजकांनी विचारलं, सही कुठे आहे? समोर इतकी नावं आहेत, त्यातलं एक माझंच, तळाच्या थरात, असं सांगितलं. ते म्हणाले, घेणाऱ्याला दिसायला हवी. शेवटी मागच्या बाजूला मार्करने सही केली, विम्याच्या कागदांना तेवढी चालते. एक बोर्ड विकला गेला. घेणाऱ्याने फक्त एवढंच विचारलं की वरची बाजू कुठली. मी दाखवली.

आता मामाला त्याच भिंतीवर गॅरेजचं नाव हवंय, गणेश चतुर्थीच्या आत. कोपऱ्यात नको, मध्यभागी, रस्त्यावरून वाचता येईल असं. मी हो म्हटलंय, हाही एक थर. अक्षरं पप्पा लिहिणार आहेत. त्यांची अट एकच, खालचं काही खरवडायचं नाही आणि शिरोरेघेला मी हात लावायचा नाही. रंगाचे पैसे मामाचे, आणि यावेळी आगाऊ, सगळे.